आरटीईची मोफत जागा: दिवाळीपासून तयारी, आठवीपर्यंत राखण

शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातले कलम १२(१)(सी) सांगते की, खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. खासगी शाळा याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१२ साली न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. महाराष्ट्रात या जागांची सगळी प्रक्रिया ऑनलाइन चालते. अर्ज पोर्टलवर भरायचा, लॉटरी राज्यपातळीवर निघते आणि कारभार पुण्याच्या प्राथमिक शिक्षण संचालनालयाकडे असतो.

२०२५-२६ साठी सुमारे ८,८६० शाळांत १ लाख ९ हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांवर आले. म्हणजे ढोबळमानाने तिघांत एकाचा नंबर लागतो. लॉटरीत नाव येणे कोणाच्याच हातात नाही. पण नाव येऊनही जागा जाते ती दाखल्याच्या तारखेमुळे, नकाशावर चुकीच्या ठिकाणी ठेवलेल्या खुणेमुळे, पाहायचा राहून गेलेल्या मेसेजमुळे. हे सगळे टाळता येते. पुढची माहिती पालकांसाठी आहे, आणि वस्तीत फॉर्म भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी, शिक्षकांसाठीही.

कोण बसते, कोण नाही

दोन वाटा आहेत आणि त्यांचे कागद वेगळे आहेत. पहिली वाट वंचित गटाची: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेली मुले, अनाथ मुले, एचआयव्हीबाधित किंवा एचआयव्हीचा परिणाम झालेल्या घरांतली मुले. कोविडमध्ये आईवडील गेलेल्या मुलांचाही यात समावेश केला गेला. या गटाला उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला असेल तर उत्पन्नाच्या दाखल्यामागे धावू नका. सेतू केंद्रातले लोक सवयीने दोन्ही काढायला सांगतात, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

दुसरी वाट दुर्बल गटाची: जात कोणतीही असो, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत हवे. ही मर्यादा फार तोकडी आहे. दिवसाला ४०० रुपये हजेरीवर महिन्यात २६ दिवस काम करणाऱ्या मजुराचे वर्षाचे उत्पन्न १,२४,८०० होते, म्हणजे कागदावर तो ‘दुर्बल’ नाही! ही मर्यादा वाढायलाच हवी. पण ती वाढेपर्यंत खोटा दाखला काढायच्या फंदात पडू नका. तक्रार झाली आणि दाखला खोटा ठरला तर प्रवेश कोणत्याही इयत्तेत रद्द होऊ शकतो आणि तिसरीत गेलेले मूल अधांतरी लटकते.

‘ईडब्ल्यूएस’चा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला इथे चालत नाही. तो १० टक्के आरक्षणाचा आहे आणि त्याची मर्यादा ८ लाखांची आहे. नावात ‘दुर्बल’ दिसते म्हणून दरवर्षी कितीतरी पालक तोच जोडतात आणि पडताळणीत बाद होतात. इथे उत्पन्नाचा दाखला लागतो.

परराज्यातला जातीचा दाखलाही चालत नाही. कर्नाटकातून सोलापुरात किंवा तेलंगणातून नांदेडला येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबाची जात इथल्या यादीत असली, तरी दाखला महाराष्ट्रातल्या सक्षम अधिकाऱ्याचा हवा. तो मिळण्यासारखा नसेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर सरळ दुर्बल गटातून अर्ज करा.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ही तरतूद लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसा निकाल दिला. त्यामुळे जवळची एखादी नामांकित कॉन्व्हेंट यादीत दिसली नाही तर पोर्टलची चूक समजू नका.

वयाचा हिशेब आणि एक मोठी खाच

वय ३१ डिसेंबरला मोजतात. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी किमान ३ वर्षे, ज्युनिअर केजीला ४, सिनिअर केजीला ५ आणि पहिलीला ६ वर्षे पूर्ण हवीत. वरची मर्यादा साधारण दीड वर्ष पुढची असते. नेमक्या तारखा त्या वर्षीच्या तक्त्यात पाहा.

आता खाच. प्रत्येक शाळेचा प्रवेशाचा वर्ग एकच ठरलेला असतो. काही शाळांचा पहिली असतो, काहींचा नर्सरी किंवा केजी. ज्या शाळेचा प्रवेशवर्ग नर्सरी आहे, तिथे पहिलीला आरटीईची जागा निघत नाही. मूल सहा वर्षांचे झाल्यावर जागे होणाऱ्या पालकांना अशा शाळा यादीत दिसतच नाहीत. म्हणून मूल तीन वर्षांचे होत आले की पोर्टलवरची शाळांची यादी उघडून पाहा. तालुका किंवा प्रभाग निवडला की शाळेचे नाव, मंडळ, प्रवेशवर्ग आणि जागांची संख्या दिसते. आदल्या वर्षीची यादी चाळली तरी अंदाज येतो.

आणि एक. आरटीईतून एकदा प्रवेश घेतला की पुन्हा अर्ज करता येत नाही. नर्सरीला मिळालेली शाळा पसंत नाही, पहिलीला दुसरीकडे प्रयत्न करू, असे चालत नाही.

कागद: दसरा-दिवाळीत सुरुवात

प्रक्रिया कधी सुरू होईल याचा नेम नसतो. २०२५-२६ साठी अर्ज जानेवारीतच सुरू झाले, त्याच्या आदल्या वर्षी मात्र कोर्टकचेरीमुळे सगळे उन्हाळ्यात गेले. अर्ज भरायला साधारण दोन-तीन आठवडे मिळतात. मुदत वाढते, पण तिच्यावर विसंबू नका. मुख्य अडचण अशी की, दाखले अर्जाच्या अंतिम तारखेच्या आधीचे लागतात. नंबर लागल्यावर काढलेला दाखला पडताळणी समिती स्वीकारत नाही. लॉटरी जिंकून बाद होण्याचे हे एक मोठे कारण आहे.

लोकसेवा हक्क कायद्याच्या मुदतीप्रमाणे जातीच्या दाखल्याला ४५ दिवस आणि उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. त्रुटी निघाली की ही मोजणी लांबते. म्हणून जातीचा दाखला दसऱ्याच्या आसपास अर्जाला टाका, उत्पन्नाचा दिवाळीनंतर.

जातीचा दाखला वडिलांचा किंवा मुलाचा चालतो. जात पडताळणीची, म्हणजे ‘व्हॅलिडिटी’ची गरज नाही. दाखला नव्याने काढायचा असेल तर ठरावीक तारखेच्या आधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद असे काहीतरी शोधावे लागते. आणि हा दाखला मूळ गाव ज्या उपविभागात येते तिथून निघतो. बीडहून पुण्यात आलेल्या ऊसतोड किंवा बांधकाम कुटुंबाला त्यासाठी गावी जावे लागते. सणाला गावी जाल तेव्हाच हे काम उरका, वेगळी खेप पडणार नाही. कुटुंबात आजा-आजी दोघेही निरक्षर असतील तर चुलत घराण्यातला पुरावा वंशावळीसह जोडता येतो.

उत्पन्नाच्या दाखल्यावर आर्थिक वर्ष लिहिलेले असते. कोणत्या वर्षाचा चालेल ते त्या वर्षीच्या सूचनेत असते. साधारणपणे नुकतेच संपलेले आर्थिक वर्ष धरतात. ‘गेल्या वर्षी काढलेला आहे की’ म्हणून तोच लावू नका, आधी वर्ष वाचा.

या दाखल्यांसाठी करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर स्वयंघोषणा किंवा प्रतिज्ञापत्र चालते. तहसीलच्या आवारात कोणी ५०० रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावत असेल तर ठाम नकार द्या.

रहिवासासाठी रेशनकार्ड, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी, मतदार ओळखपत्र, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, राष्ट्रीयीकृत बँकेचे पासबुक यांपैकी एक पुरते. भाड्याने राहणाऱ्यांकडे यातले काही चालू पत्त्याचे नसते. त्यांनी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान ११ महिन्यांचा, अर्जाच्या आधीचा भाडेकरार करावा. नोटरी केलेला करार इथे चालत नाही, आणि पैसे वाया जातात ते नेमके यातच. घरमालक नोंदणीला तयार होत नाही हा नेहमीचा अनुभव. त्यावर उपाय म्हणजे सहा महिने आधी आधारवरचा पत्ता बदलून घेणे आणि मतदार यादीत नाव हलवणे. पडताळणीत कोणी घरी येऊन पाहू शकते, म्हणून जिथे खरेच राहता तोच पत्ता द्या. चांगल्या शाळेजवळच्या नातेवाइकाचा पत्ता लावून घेतलेला प्रवेश टिकत नाही.

जन्मतारखेला जन्मदाखला सर्वांत सोपा. तो नसेल तर रुग्णालयातले नोंदपुस्तक, अंगणवाडीचे रजिस्टर किंवा पालकांचे प्रतिज्ञापत्र चालते. वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, असे कायद्याचे कलम १४ सांगते. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव रिकामे असेल तर ते नोंदवून घ्या. घाईघाईत दवाखान्यातून आणलेल्या दाखल्यांवर ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते, आणि पालकांना ते कळते पडताळणीच्या टेबलावर.

सगळे कागद हातात आले की एका दुपारी शेजारी शेजारी मांडा आणि नावे अक्षर-अक्षर जुळवून पाहा. आधारवर ‘शिंदे आरोही सचिन’, जन्मदाखल्यावर ‘आरोही सचीन शिंदे’, जातीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘सच्चिन’. असे फरक वाचताना क्षुल्लक वाटतात, पण समितीतला माणूस नेमके हेच शोधायला बसलेला असतो. जे सहज बदलता येते, म्हणजे बहुतेक वेळा आधार, ते जन्मदाखल्याप्रमाणे करून घ्या. बाकीच्यासाठी ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

आई एकटी असेल तर: विधवा असल्यास पतीचा मृत्यूदाखला, घटस्फोटित असल्यास न्यायालयाचा आदेश, आणि दोन्हीत रहिवासाचा व उत्पन्नाचा पुरावा आईच्या नावचा. नवरा सोडून गेला पण कागदोपत्री काहीच नाही, अशा बायकांची सर्वांत जास्त अडचण होते. त्यांनी मदत केंद्रात आधी जाऊन विचारावे आणि शक्य असेल तर जातीच्या वाटेने अर्ज करावा, कारण तिथे उत्पन्न कोणाचे हा प्रश्नच येत नाही. दिव्यांग मुलाला जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अधिकृत सरकारी रुग्णालयाचे ४० टक्के किंवा अधिकचे प्रमाणपत्र हवे. तपासणीच्या तारखा लांबच्या मिळतात, त्यामुळे हे काम सगळ्यांच्या आधी.

अर्ज भरताना

अर्ज मोफत आहे. सायबर कॅफेत भरून घेत असाल तर एक गोष्ट पक्की पाळा: मोबाईल नंबर स्वतःचा द्या, दुकानदाराचा नाही. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहा, शिवाय त्या पानाचा फोटो काढा. रिचार्ज संपला म्हणून दोन महिन्यांनी नंबर बदलणे ही वस्तीतली नेहमीची गोष्ट आहे. निदान प्रवेश होईपर्यंत तो चालू ठेवा.

आता नकाशा. अर्जात घराची जागा गुगल नकाशावर खुणेने दाखवायची असते आणि शाळांचे अंतर पोर्टल त्या खुणेपासून मोजते. आधी १ किलोमीटरच्या आतल्या शाळा, नंतर १ ते ३ किलोमीटरच्या, असा प्राधान्याचा क्रम २०२५-२६ मध्ये होता. अंतराचे टप्पे आणि नियम त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचा. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. स्थगितीआधी बदललेल्या नियमाने अर्ज भरलेल्यांना पुन्हा नव्याने भरावे लागले. गेल्या वर्षीची माहिती यंदा लागू पडेल असे धरू नका.

खूण ठेवण्याची पद्धत अशी. पत्ता टाइप करून शोधला की नकाशा बहुतेक वेळा पिनकोडच्या मध्यावर, पोस्टाजवळ किंवा मुख्य रस्त्यावर नेऊन ठेवतो. ‘लक्ष्मीनगर’ टाइप केले तर कुठल्या शहरातले येईल सांगता येत नाही. म्हणून आदल्या दिवशी घराच्या दारात उघड्यावर उभे राहा. फोनचे लोकेशन चालू करून गुगल मॅप उघडा, निळा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबा, त्यावर बोट दाबून धरा. अक्षांश आणि रेखांश दिसतील, ते दशांशानंतरच्या सहा आकड्यांसह वहीत लिहून घ्या. पुण्यात ते साधारण १८.५ आणि ७३.८ ने सुरू होतात, नागपुरात २१.१ आणि ७९ ने. दशांशानंतरचा तिसरा आकडा एकने चुकला तर खूण शंभरेक मीटर सरकते, दुसरा चुकला तर किलोमीटरभर. त्यामुळे एक किलोमीटरच्या काठावरची शाळा आत येते की बाहेर जाते ते याच आकड्यांवर ठरते. अक्षांशाच्या जागी रेखांश पडला तर घर भलत्याच ठिकाणी दिसते, ते लगेच लक्षात येते. पण शंभर-दोनशे मीटरची चूक पडताळणीतच उघडी पडते, आणि मग दुरुस्तीला वाव नसतो.

शाळा दहापर्यंत निवडता येतात. दहा भरायलाच हव्यात असे नाही. पण एकच शाळा भरून बसणे म्हणजे संधी आपणच कमी करणे. निवडण्याआधी त्या शाळेपर्यंत एकदा पायी जा. रोज सोडायला-आणायला कोण जाणार, हायवे ओलांडावा लागतो का, शाळा कोणत्या वेळेत भरते, तिथे आधीपासून आरटीईत असलेल्या मुलांच्या आयांना काय अनुभव आहे, हे विचारा. पाठवायचीच नाही अशी शाळा यादीत घालू नका. लॉटरीत एकच शाळा मिळते, आणि मिळालेली नाकारली तर पुढच्या फेरीत विचार होत नाही.

सगळे भरून झाले की सबमिट करण्याआधी पानाची प्रत काढून दुसऱ्या कोणाला वाचायला द्या. अर्ज निश्चित केला की बदलता येत नाही. चूक सापडली आणि मुदत शिल्लक असेल तर तो अर्ज रद्द करून नवा भरता येतो. मात्र जुना न काढता दुसरा भरू नका. एका मुलाचे दोन अर्ज सापडले की दोन्ही लॉटरीतून बाहेर जातात. एक अर्ज मावशीने गावातून भरला, दुसरा वडिलांनी सायबर कॅफेतून, असे घरातल्या घरात घडते; कोण भरणार हे आधी ठरवा.

कोणी ‘लॉटरीत नाव लावून देतो’ म्हणून पैसे मागितले तर ती सरळ फसवणूक आहे. सोडत संगणकावर निघते, तिथे शाळेचा मुख्याध्यापक किंवा गावचा पुढारी काही करू शकत नाही.

नंबर लागल्यावर

मेसेजची वाट पाहत बसू नका. मेसेज येतो, उशिरा येतो, कधी येतच नाही, आणि मेसेज आला नाही ही सबब कोणी ऐकत नाही. लॉटरीनंतर रोज एकदा पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून पाहा. निवड यादीत नाव असेल तर ॲलॉटमेंट लेटरची प्रत काढा आणि दिलेल्या मुदतीत आधी पडताळणी समितीकडे जा; शाळेत नंतर. समिती ग्रामीण भागात पंचायत समितीत, शहरात महापालिकेने ठरवलेल्या केंद्रावर बसते. मूळ कागद आणि छायांकित प्रतींचे दोन संच न्या. समितीने शिक्का मारलेले पत्र घेऊन मग शाळेत जा आणि प्रवेश झाल्याची पोच घ्या. पोर्टलवर प्रवेशाची नोंद पडली का, हे दोन दिवसांनी स्वतः पाहा. शाळेने नोंद करायची राहून गेली तर जागा रिकामी दिसते आणि प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाते.

समितीने कागद नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी ‘चालत नाही’ ऐकून परत येऊ नका. लेखी कारण असेल तर गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

प्रतीक्षा यादीत नाव असेल तर आशा सोडू नका. निवड झालेल्यांतले बरेच जण येत नाहीत आणि यादी पुढे सरकते. कागद तयार ठेवा, कारण बोलावणे आले की मुदत थोड्या दिवसांचीच असते. पण दुसरीकडे मुलाचे नाव घालून ठेवा. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या कितीतरी शाळा उत्तम चालतात. आदिवासी कुटुंबांना आणखी एक वाट आहे: आदिवासी विकास विभाग पहिलीपासून नामांकित इंग्रजी निवासी शाळांत मुले पाठवतो, त्याचा अर्ज प्रकल्प कार्यालयात मिळतो.

शाळेत गेल्यावर

जागा मिळवणे हे अर्धे काम. पुढची आठ-दहा वर्षे ती राखणे हे दुसरे अर्धे, आणि त्याबद्दल कोणीच सांगत नाही.

फी, डोनेशन, डिपॉझिट, ॲडमिशन फॉर्मचे पैसे यांतले काहीही मागता येत नाही. कलम ३ म्हणते की शिक्षण पूर्ण करण्यात अडसर होईल असा कोणताही खर्च मुलावर टाकता येणार नाही. कलम १३ प्रमाणे देणगी घेतल्यास रकमेच्या दहापटीपर्यंत दंड, मुलाची किंवा पालकांची चाचणी-मुलाखत घेतल्यास पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. शाळा मात्र सांगतात की सरकार प्रतिपूर्ती (या मुलांच्या फीची भरपाई) देत नाही, थकली आहे, म्हणून तुम्ही भरा. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात ही रक्कम दर मुलामागे वर्षाला कमाल १७,६७० रुपये आहे आणि ती वेळेवर मिळत नाही, ही शाळांची तक्रार खरी आहे. सरकारने ती वेळेवर द्यायला हवी. पण तो हिशेब शाळा आणि शासन यांच्यातला आहे. त्याचा भार आईबापांवर टाकता येत नाही. नर्सरी-केजीच्या मुलांबाबत हा वाद जास्त होतो, कारण प्रतिपूर्ती पहिलीपासून मिळते. कायद्यातला २५ टक्क्यांचा नियम मात्र पूर्वप्राथमिकलाही लागू आहे.

पुस्तके, गणवेश, वाचनालय, संगणक, खेळ यांत भेदभाव करता येत नाही आणि आरटीईच्या मुलांचा वेगळा वर्ग किंवा वेगळी वेळ ठेवता येत नाही. पैसे मागितले की घासाघीस करू नका. ‘कशाचे, ते लेखी द्या, पावती मिळेल का?’ एवढे शांतपणे विचारा. बहुतेक वेळा मागणी तिथेच मागे पडते. सहल, बस, बाहेरचे छंदवर्ग ऐच्छिक असतात, त्यांचा विचार वेगळा. पण गॅदरिंगच्या पोशाखाचे पैसे नाहीत म्हणून मूल वर्गात एकटे बसवले जात असेल तर तेही मुख्याध्यापकांना लेखी कळवा.

तक्रारीची पायरी अशी: आधी मुख्याध्यापक, मग गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचे शिक्षण अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). अर्ज एका पानाचा, तारखा आणि रकमांसह, दोन प्रतींत; एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचाच. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. एकट्याने जाण्यापेक्षा त्याच शाळेतल्या चार-पाच पालकांनी मिळून सही केलेला अर्ज लवकर हलतो आणि एकाच मुलावर राग निघत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हे कलम १६ मध्ये स्पष्ट आहे.

शिक्षक आणि संस्थाचालक हे वाचत असतील तर त्यांच्या हातातल्या काही गोष्टी फार साध्या आहेत. हजेरीपटावर नावापुढे ‘आरटीई’ लिहू नका. या मुलांच्या पालकांचा वेगळा व्हॉट्सॲप गट करू नका. दर महिन्याला बाकांची अदलाबदल करा, म्हणजे मागची रांग कोणाची ठरून जाणार नाही. पालकसभा मंगळवारी सकाळी ११ ला ठेवली तर धुणीभांडी करणाऱ्या आईची हजेरी बुडते आणि ती आली नाही की ‘पालकांना रस नाही’ अशी नोंद होते. महिन्यातली एक सभा रविवारी किंवा संध्याकाळी ६ नंतर ठेवा. डायरीतली सूचना इंग्रजीत एक ओळ आणि खाली मराठीत एक ओळ अशी लिहा. ‘ब्रिंग क्ले अँड टू चार्ट पेपर्स टुमारो’ एवढे वाचून घ्यायला एखादी आई रात्री नऊ वाजता दोन गल्ल्या पलीकडच्या बारावीच्या पोरीकडे जाते, आणि तोवर स्टेशनरीचे दुकान बंद झालेले असते. दुसऱ्या दिवशी शिक्षा मुलाला!

इंग्रजी माध्यमाची पहिली दोन वर्षे अशा घरांना जड जातात. घरी इंग्रजी बोलता येत नाही याची लाज बाळगू नका. मुलाला रोज वीस मिनिटे मराठीत गोष्ट वाचून दाखवा, आज काय शिकवले ते मराठीत सांगायला लावा. अर्थ एका भाषेत पक्का झाला की दुसऱ्या भाषेतले शब्द त्यावर बसतात. परवडत नसताना पहिलीपासून ट्यूशन लावण्यापेक्षा वर्गशिक्षकांना भेटून नेमके कुठे अडते ते विचारणे जास्त उपयोगाचे.

शाळा बदलायची वेळ आली तर लक्षात ठेवा, मोफत जागा मुलासोबत जात नाही. दुसऱ्या खासगी शाळेत गेलात तर पूर्ण फी पडते. घर बदलताना, काम दुसऱ्या उपनगरात घेताना याचा विचार आधी करा.

आठवीनंतर

कायद्याचा मोफतपणा आठवीला संपतो. नववीच्या जूनमध्ये शाळा इतर मुलांइतकीच फी मागते, आणि बारा-पंधरा हजारांपासून लाखापर्यंतचा आकडा ऐकून कित्येक मुलांची शाळा तिथेच तुटते. याची तयारी सातवीत सुरू करा. शाळेला सातवीच्या शेवटी लेखी विचारा की नववी-दहावीची फी किती आणि सवलत देणार का. काही संस्था हुशार मुलांना निम्म्या फीत ठेवतात, पण ते मागितल्याशिवाय मिळत नाही.

आठवीतल्या परीक्षेवर मिळणारी केंद्राची एनएमएमएस शिष्यवृत्ती, वर्षाला १२ हजार रुपयांची, ही खासगी विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना नाही. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्यांसाठी आहे. आरटीईची मुले गरीब असूनही तिच्यातून बाहेर राहतात, हा नियमातला मोठा दोष आहे. अनुसूचित जातींच्या मुलांना नववी-दहावीसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून जूनमध्येच लिपिकाला गाठा.

फी झेपणार नसेल तर अनुदानित शाळेत नववीला नाव घालणे हा सर्वांत भक्कम पर्याय. सेमी-इंग्रजी तुकडी असलेली अनुदानित शाळा शोधली तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतच राहते आणि मुलाला उलटी उडी मारावी लागत नाही. अशा तुकड्या मेमध्येच भरतात, त्यामुळे आठवीच्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापकांना भेटा. आणि शाळा सोडल्याचा दाखला घेताना जात, जन्मतारीख, नावाचे स्पेलिंग तिथेच उभे राहून वाचा. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर हेच उतरते, आणि नंतरच्या दुरुस्तीला बोर्डाच्या विभागीय मंडळात खेटे घालावे लागतात. जुन्या शाळेने ‘आधी बाकी भरा, मग दाखला’ असे म्हणून तो अडवला, तर वरच्या पायऱ्यांनीच त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि तिच्या पोचेची प्रत नव्या शाळेत दाखवून मुलाला वर्गात बसवून घ्या.